राजधानीच्या पोटातलं बटण

राजधानी त्या सकाळी मोरी बेटाचा धक्का सोडून हलव्याकडे निघाली होती, आणि तिचं इंजिन नेहमीसारखं खोकत होतं.

राजधानी म्हणजे एक जुनी बोट. बेटांचा संघ स्थापन झाला तेव्हा राजधानी कुठल्या बेटावर असावी यावरून एवढी जुंपली की शेवटी ती कुठल्याच बेटावर नको असं ठरलं. बेटं सोडून गेलेल्या कंपनीची केबल टाकायची एक बोट फुकटात पडून होती. तिला निळा रंग फासला, मधल्या खोलीत एक लांब टेबल टाकलं आणि दर महिन्याला ती एकेका बेटाला लागेल असा करार झाला. ज्या बेटाला लागेल त्यानं मंडळाला जेवू घालायचं. त्यामुळे राजधानी आली असं कानावर पडलं की बेटावरच्या बायका कपाळाला हात लावायच्या.

संघाचं अख्खं मध्यवर्ती सरकार या बोटीवर राहायचं आणि ते तीन माणसांचं होतं. चिटणीस रेवा कुबल, केबलची इंजिनिअर झैनब मुकादम आणि बोट हाकणारे, स्वयंपाक करणारे व वेळप्रसंगी संघाचं शिष्टमंडळ म्हणून पाठवले जाणारे अद्वैतमामा. अद्वैतमामा सत्तरीचे होते. त्यांच्या पिढीत जिकडेतिकडे अद्वैत, विहान आणि अर्णव. आताची पोरं असल्या जुनाट नावांना हसतात.

बेटांचे सात प्रतिनिधी बैठकीला यायचे, म्हणजे यायला हवे होते. मांदेली बेटाच्या प्रतिनिधीला बोट लागायची, तो धक्क्यावरूनच हात करून परत जायचा. पेडव्याच्या प्रतिनिधीकडे बारा महिने कुणाचं तरी लग्न असायचं. करारात बदल करायचा तर सातही जणांनी हजर राहून होकार द्यायचा होता, आणि सातही जण एका टेबलाशी बसलेले रेवानं सातवं बेट संघात आलं त्या दिवशी पाहिले होते, ते शेवटचेच.

बेटांना माशांची नावं कशी पडली, ते सोपं आहे. पहिलं बेट पायाखाली घट्ट लागलं त्या दिवशी कुणाच्या तरी गळाला सुरमई लागली होती. मग हलवा, बांगडा, पेडवा, मोरी आणि मांदेली झाली. शेवटचं, सगळ्यांत धाकटं बेट तिसरी, कारण तिथे मासा नाही, शिंपली हाती लागली होती. सुरमईकर आणि बांगडेकर यांचं एकमेकांशी पटत नसे आणि दोघं मिळून पेडवेकरांना हसत असत. यापलीकडे तिथे वैर नव्हतं.

ही बेटं कुणी भराव घालून केलेली नव्हती, ती उगवली होती. किनाऱ्यापासून फार दूर, समुद्र जिथे उथळ आहे तिथे लोखंडाची जाळी खाली सोडायची आणि तिच्यातून मंद वीज वाहती ठेवायची. समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतोच. वीज वाहायला लागली की तो पाण्यातून सुटतो आणि जाळीवर बसतो. थरावर थर चढतात. ताजा थर खडूसारखा ठिसूळ असतो, पण वीज अखंड मिळत राहिली तर काही वर्षांत त्याचा काँक्रीटला लाजवील असा दगड होतो. त्याला भेग पडली तर तिथेही नवा चुना बसतो आणि भेग बुजते. आपली जखम आपणच भरून काढणारी जमीन माणसाला पहिल्यांदाच मिळाली होती.

मात्र वीज तुटली तर उलटा खेळ सुरू होतो. आतलं लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि खडक पोटातून फुटतो. जुनी बेटं महिना-दोन महिने तग धरतात, कोवळ्या बेटाच्या अंगात तेवढा दम नसतो. म्हणून सगळ्या बेटांना जोडणारी एक केबल समुद्राखालून फिरवलेली होती. लाटांवर डोलणाऱ्या तराफ्यांपासून प्रत्येक बेट आपली वीज करी, आणि जास्तीची केबलमध्ये सोडी. सोडायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

कंपनीच्या काळात तसं नव्हतं. तेव्हा सगळ्या बेटांच्या विजेचं बटण कंपनीच्या हातात होतं. एकदा सुरमईच्या लोकांनी नव्या अटींवर सही करायला नकार दिला आणि कंपनीनं ते बटण दाबलं. रेवाची आई त्या वेळी श्वासाच्या यंत्रावर होती. रेवाचा थोरला भाऊ अर्णव हातानं पंप दाबत तिच्या उशाशी बसला होता, आणि त्याच्या हातात बळ होतं तोवर आई होती.

त्यानंतर सहा बेटं एक झाली. सगळ्यांच्या वतीनं एकच माणूस कंपनीशी बोलेल एवढं त्यांनी ठरवलं आणि तेवढ्यानं कंपनी गेली. कुणी एक दगडसुद्धा उचलला नाही. संघाचा हा पहिला आणि मोठा पराक्रम. दुसरा पराक्रम रेवाच्या मते त्याहून मोठा होता. नवं बेट उगवलं तर ते कुणाची वाडी होणार नाही, बरोबरीचं बेट म्हणूनच संघात येईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. तिसरी तशीच आली. पण करारनाम्याचं पहिलं कलम अर्णवनं लिहिलं होतं आणि ते असं होतं की मध्यवर्ती मंडळाच्या हाती विजेचं बटण कधीही असणार नाही. सहाही बेटांनी ते टाळ्यांच्या कडकडाटात मान्य केलं, आणि सर्वांत जोरात टाळ्या रेवानं वाजवल्या होत्या.

हलव्याच्या वाटेवर इराचा फोन आला. इरा ही रेवाची एकुलती एक लेक. लग्न होऊन तिसरीवर गेलेली, तिथल्या शाळेत शिकवणारी. आईशी बोलताना तिचा सूर नेहमी थट्टेचा असायचा. आज नव्हता. ऑक्टोबरचा समुद्र तेलासारखा निपचित पडला होता, लाटा नाहीत म्हणून वीज नाही, आणि तिसरीच्या दक्षिण कडेला भेगा पडल्या होत्या. शाळेची पायरी खचली होती. मुलांना ती आता होडीत बसवून शिकवत होती आणि मुलांना ते फार आवडलं होतं, असं तिनं सांगितलं.

"तू इकडे ये," रेवा म्हणाली.

"चाळीस घरं इथंच आहेत, आई. मी निघाले तर ती पण निघतील, आणि मग बेट राहायचं नाही."

रेवानं सहाही बेटांना विनंती पाठवली. विनंती करणं हा मध्यवर्ती सरकारचा एकमेव अधिकार होता आणि तो ती मनापासून वापरायची. उत्तरं फार गोड आली. बांगड्यानं कळवलं की सुरमई जेवढी देईल तेवढी आम्हीही देऊ. हलव्यानं बांगड्याकडे बोट दाखवलं. मोरीनं तिसरीसाठी प्रार्थना ठेवली. मांदेलीनं विषय पुढच्या बैठकीत घ्यावा असं सुचवलं, ज्या बैठकीला त्यांचा माणूस येणार नव्हता. पेडव्याकडे लग्न होतं.

सुरमईचं उत्तर एका ओळीचं होतं. सुरमईचा प्रमुख म्हणून ते अर्णवनं लिहिलं होतं: आमच्या बॅटऱ्या आमच्या माणसांसाठी आहेत. सुरमईच्या बॅटऱ्या गळ्यापर्यंत भरलेल्या आहेत, हे सातही बेटांना ठाऊक होतं.

झैनबला असल्या वेळी हातावर हात ठेवून बसवत नसे. केबलच्या एका सांध्यात फार वीज गळते अशी तिला शंका होती, आणि तो सांधा बदलायला एक जाड फ्यूज हवा होता. तसला फ्यूज कंपनीच्या जुन्या सामानात असेल म्हणून ती बोटीच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खालच्या खोलीपाशी गेली. अद्वैतमामा आडवे आले.

"गो बाये, थंयसर माझे बांगडे आसत. दार उघडशीत तर वास सुटतलो."

त्या खोलीत एक मोठं लोखंडी कपाट होतं. ते बारा महिने कोमट असे. भर पावसातही त्याच्यावर टाकलेले बांगडे खडखडीत वाळत, म्हणून संघ स्थापन झाल्यापासून त्या खोलीत मामांची सुकी मासळी राहत होती. इंजिनाच्या उष्णतेनं कपाट तापतं असं सगळे धरून चालले होते. इंजिन बोटीच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

झैनबनं बांगडे बाजूला केले, कपाटाचा दरवाजा पाचरीनं उचकटला आणि मग तिनं रेवाला हाक मारली. तिचा आवाज इतका हळू होता की रेवा धावत गेली.

आत हिरवे दिवे लुकलुकत होते. सहा दट्टे एका ओळीत होते आणि त्यांच्याखाली कंपनीचे जुने आकडे. झैनबनं थोडं तपासलं आणि काय झालं असेल ते सांगितलं. कंपनी गेली तेव्हा बेटांनी आपापल्या वीजघरातल्या झडपांना हातानं फिरवायची मूठ बसवली. बाहेरून सगळं बदललं. पण त्या झडपांच्या आत कंपनीनं ठेवलेला, दुरून हुकूम घेणारा कान मात्र कुणी काढलाच नाही. हे कपाट आजही त्या कानांशी बोलत होतं, दिवसरात्र, आणि त्यासाठी बोटीच्या बॅटऱ्या पीत होतं. म्हणून ते कोमट होतं, आणि म्हणूनच राजधानीचं इंजिन खोकत होतं. बटणाचा एवढा धसका घेतला होता सगळ्यांनी, की ज्या बोटीवर ते होतं ती आत जाऊन नीट पाहायची हिंमत कुणी केली नव्हती. पहिलं कलम पाठ करत करत मध्यवर्ती सरकार इतकी वर्षं त्याच बटणावर मासे वाळवत होतं.

"रेवाताई, सुरमईचा दट्ट्या एवढासा खाली केला तरी पुरे, त्यांची थोडी वीज केबलमध्ये येईल," झैनब म्हणाली. "त्यांचा पंखासुद्धा हळू होणार नाही. उद्यापर्यंत तिसरीची भेग बुजायला लागेल. कुणाला कळायचंही नाही."

रेवाचा हात दट्ट्यावर गेला. तो गुळगुळीत आणि कोमट होता. तिच्या डोळ्यांपुढे इरा होती, आणि शाळेची खचलेली पायरी होती. तिला वाटलं, दाबावा. वाटलं कसलं, ती दाबणारच होती. पण याच दट्ट्यावर कुणाचा तरी हात त्या दिवशीही असाच पडला असेल. त्या माणसालाही आपण बरोबरच वागतोय असं वाटलं असेल, आणि रेवाच्या आईचं नावही त्याला ठाऊक नसेल, असं तिच्या मनात आलं आणि हात आपोआप मागे आला. तिला दाबवलं नाही आणि सोडवलंही नाही. ती मासळीच्या टोपल्यांत खाली बसली आणि मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन वर आली आणि तिनं मामांना बोट सुरमईकडे वळवायला सांगितलं. पाळी हलव्याची असताना राजधानीनं दुसरीकडे जाणं हा करारभंग होता. मामांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि बोलता बोलता सुकाणू वळवलं.

दुसऱ्या दिवशी सुरमईच्या धक्क्यावर अर्णव उभा होता. पांढरी मिशी, उघडं अंग, खांद्यावर पंचा. बहिणीकडे पाहून त्यानं ओळखलं की ती वीज मागायला आली आहे, आणि नकार त्याच्या ओठावर तयार होता. रेवानं काही मागितलं नाही. त्याचा हात धरून ती त्याला खाली घेऊन गेली आणि कपाट दाखवलं.

अर्णवनं एकेका दट्ट्यावर बोट ठेवून खालचे आकडे वाचले. मग त्याला दरदरून घाम फुटला.

"फोड ता," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता फोड."

"फोडूया. पण मगे तिसरेक वीज खंयसून देव?"

"तू लेकीसाठी मागतंस."

"होय, लेकीसाठीच मागतंय," रेवा म्हणाली. "आणि तू आयेसाठी नाय म्हणतंस. दोघांकय घरचाच माणूस दिसता. करारनामो मधी आणू नको."

अर्णवनं तोंड फिरवलं. ती पुढे बोलत राहिली. कालपासून हा दट्ट्या आपल्या हाताखाली आहे आणि आपण तो दाबला नाही, कारण दादाला न विचारता दाबला असता तर पुन्हा त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. आता हे त्याच्या हातात आहे. फोडायचं तर त्यानं फोडावं, ठेवायचं तर ठेवावं. एवढं सांगून ती त्याला तिथे एकटा सोडून वर आली.

खालून लोखंडाचे घाव ऐकू आले. एक, मग दुसरा, मग कितीतरी. झैनबनं कानांवर हात ठेवले. शेवटची आशा होती, तीही गेली असं रेवाला वाटलं. अर्णव वर आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती आणि डोळे लाल होते. कुणाशी न बोलता तो धक्क्यावर उतरला आणि तडक सुरमईच्या वीजघरात शिरला. थोड्या वेळानं झैनब आपल्या मापकाकडे बघून ओरडलीच. सुरमईची झडप अर्धी उघडली होती.

त्यानंतर जे झालं ते फक्त या बेटांवरच होऊ शकतं. सुरमईनं अर्धी दिली हे कळताच बांगड्यानं अर्धीहून थोडी जास्त दिली, कारण सुरमईकरांच्या मागे राहणं बांगडेकरांना मरणाहून वाईट. मग हलव्यानं बर्फाचा कारखाना बंद केला. मोरीनं प्रार्थना आवरती घेतली आणि झडप उघडली. पेडव्याच्या लग्नात तर नवरा-नवरी हातपंख्यानं एकमेकांना वारा घालत होते, आणि ती नवी रीत म्हणून सगळ्यांना फार पसंत पडली. ऑक्टोबरचा उकाडा असा की अंगावरचा सदरा पिळून काढावा. सगळं राष्ट्र झाडाखाली बसून घामाघूम होत होतं आणि स्वतःवर खूश होतं. अनोळखी माणसं एकमेकांना ताक पाजत होती. तिसरीच्या भेगा बुजायला लागल्या. इराचा फोन आला की तिचा सूर पुन्हा थट्टेचा लागे.

रेवाला वाटलं, आपण उगाच रडलो. मागितलं की माणसं देतात, आणि आपल्या दुबळ्या सरकारात हेच तर बळ आहे.

आठवडाभर हे बळ टिकलं. मग झैनबच्या मापकाचा काटा खाली सरकायला लागला. आधी किंचित, मग रोज. हलव्याच्या बर्फाच्या कारखान्यातून म्हणे फक्त एका वऱ्हाडापुरता बर्फ निघाला होता. बांगड्यावर कुणा पाहुण्याला उकाडा सोसवत नव्हता. कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपला एक पंखा तो किती, आणि तो कुणाला कळतोय. इराचा फोन दोन दिवस आला नाही. आला तेव्हा तिनं सांगितलं की पायरी पुन्हा खचली आहे आणि दोन घरं रिकामी झाली आहेत.

रेवाकडे आता बटणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्णव स्वतःची होडी वल्हवत राजधानीपाशी आला. मामांनी सरबत पुढे केलं, ते त्यानं घेतलं नाही. तो टेबलाच्या टोकाशी बसला आणि मान खाली घालून बोलला.

"पंखो मीच लावलंय. काल दुपारी. झोपेत न्हय, जागो होतंय. कोणी बघूक नाय म्हणान लावलंय."

रेवाला आधी राग आला आणि लगेच हसू आलं. तिनं दोन्ही दाबलं, कारण तिच्या दादानं मान अजून वर केली नव्हती.

"पंख्याखाली पडलंय आणि माका इरा दिसली," तो म्हणाला. "बटण हातात आसलेल्यार माझो कधी भरवसो नव्हतो, रेवा. आता बटण नसलेल्यारय नाय. आणि तो नसलेलो मीच आसंय."

ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ती दोघं इतकी जवळ बसली होती. मग त्यानं डोळे पुसले आणि विचारलं की बटण नव्यानं करायचं तर कसं करावं, म्हणजे ते कुणा एकाचं होणार नाही.

बैठक बोलावली गेली आणि सातही प्रतिनिधी आले. हा चमत्कार देशप्रेमानं झाला, असं पुढे शाळेत शिकवतील तर शिकवोत. खरं कारण असं की अर्णवची कबुली कानावर जाऊन सगळ्यांनी पंखे पुन्हा बंद केले होते आणि त्या उकाड्यात वारा असलेली जागा एकच होती, ती म्हणजे भर समुद्रात उभी असलेली राजधानी. मांदेलीचा प्रतिनिधी कठड्याला धरून, चेहरा हिरवा करून का होईना, शेवटपर्यंत बसला. पेडव्याच्या प्रतिनिधीनं लग्नातले लाडू आणले.

भांडणं झाली, पण ती कामाची होती. कुठल्याही बेटाचा खडक धोक्याच्या खुणेखाली आला तर इतर बेटांच्या वाट्याची वीज त्याच्याकडे वळेल, वाटा बेटाच्या उत्पादनाप्रमाणे ठरेल, आणि पाच बेटांनी आपापल्या वीजघरातून होकार दिल्याशिवाय राजधानीतलं बटण चालणार नाही. इथून पुढे सातांऐवजी पाच जणांच्या होकारानं काम होईल, असंही ठरलं. हे शेवटचं ठरवायला मात्र सातांचा होकार लागला, आणि तो मिळाला. मांदेलीकरानं लवकर किनाऱ्याला न्याल तर कशालाही हो म्हणतो असं सांगितलं होतं. अर्णवनं एक ओळ आपल्या हातानं घातली. काहीही झालं तरी पिण्याच्या पाण्याची आणि श्वासाच्या यंत्रांची वीज कुणालाही तोडता येणार नाही. ती वाचून दाखवताना त्याला मधेच थांबावं लागलं, आणि टेबलाशी कुणी घसा साफ केला नाही की लाडवाला हात लावला नाही.

मग फोडलेलं कपाट पुन्हा जोडायचं काम निघालं. फोडताना पहार अगदी मन लावून चालवली होती, त्यामुळे जोडायला वेळ लागला. झैनब आत वाकून तारा जुळवत होती आणि सुरमईचे प्रमुख तिच्यामागे विजेरी धरून उभे राहून तिची बोलणी खात होते. मामांनी मासळी गच्चीवर हलवली आणि ती नीट वाळत नाही म्हणून सरकारच्या नावानं बोटं मोडली.

नव्या बटणानं पहिला होकार मागितला तेव्हा पाच बेटांनी तो दिला, आणि सहावा लाजेनं आला. दिवाळी संपेस्तोवर तिसरीची धोक्याची खूण मागे पडली. रेवा आणि अर्णव लेकीला आणि भाचीला भेटायला तिसरीवर उतरले. शाळेत मुलं बसली होती आणि होडी सुटल्याबद्दल ती नाराज होती. रेवानं चपला काढल्या आणि खडकावर नुसती उभी राहिली. तळपायाला गार, घट्ट दगड लागत होता. इरा आईला बिलगली.

अर्णवनं टाच आपटून पाहिली, नारळ पारखतात तशी. पसंत पडली. मग मात्र त्यानं तोंड उघडलं आणि नव्या सरकारची लक्तरं काढली. सुरमईचा वाटा अन्यायाचा आहे. बांगड्याची मोजदाद चुकीची आहे. झैनबचा मापक खोटा आहे. हे असंच चाललं तर सुरमईच्या माणसांनी काय करायचं, पुढच्या बैठकीत तो हे सगळं बाहेर काढणार आहे, दोन मतांनी हरला तरी चालेल, पण बोलणार. रेवा ऐकत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं की काही विचारू नका.

"मामा," इरा अर्णवला म्हणाली, "सुरमईचो वाटो जास्त वाटता तर उतर मगे खाली."

अर्णवनं पायाखाली पाहिलं. चहूकडे पाणी होतं. त्यानं पंचा झटकून खांद्यावर नीट टाकला, दोन्ही पाय आणखी रोवून घट्ट उभा राहिला आणि सरकारला नावं ठेवायचं काम पुढे चालू केलं.